शुक्र जळू दे

चौकटीच्या मध्याच्या जरा डावीकडे एक पांढराशुभ्र गोळा आहे. त्याला सहा टोकदार किरण फुटलेले, भोवती जांभळट वलय. उजवीकडे, गोळ्याला जवळजवळ खेटून, कृत्तिकांचा पुंजका: सहा ठळक ठिपके, नीट पाहिले तर सातवा, आठवा, आणि मागे बारीक ताऱ्यांची भुरभुर. आकाश काळे नाही, राखाडी आहे, खालच्या कडेला तांबूस होत गेलेले. वरच्या उजव्या कोपऱ्यातून एक फिकट, रुंद पट्टा तिरका गेला आहे. तो कशाचा, हे कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

३ एप्रिल २०२० च्या संध्याकाळी खालापूर तालुक्यातल्या एका गच्चीवरून माझ्या मामेभावाने हा फोटो काढला. त्या संध्याकाळी शुक्र कृत्तिकांच्या पुंजक्यातून जात होता. जगभर असंख्य लोकांनी तो योग टिपला, आणि मोठ्या दुर्बिणी, चांगल्या लेन्स असलेल्यांचे फोटो या फोटोहून कितीतरी देखणे आहेत. तरी मी पुन्हा पुन्हा बघतो तो हाच. पहिल्यांदा दाखवला तेव्हा मी म्हणालो होतो, "दादा, शुक्र पार जळलाय." तो म्हणाला, "जळू दे. त्याला वाचवायला गेलो की पोरी जातात."

पोरी म्हणजे कृत्तिका, त्या सात बहिणी. या उत्तरात फोटोची सगळी अडचण आली, आणि माझ्या मते त्याचे सौंदर्यही आले. आधी अडचण पाहू.

शुक्राच्या तेजाची प्रत त्या दिवशी उणे साडेचारच्या आसपास होती. कृत्तिकांची योगतारा अल्सायनी २.९ प्रतीची. म्हणजे पुंजक्यातल्या सगळ्यांत तेजस्वी ताऱ्यापेक्षा शुक्र आठ-नऊशे पट उजळ. पुंजक्याच्या खालच्या कडेला असलेली सेलीनो ५.४ प्रतीची, तिच्यापेक्षा शुक्र आठ-नऊ हजार पट उजळ. आजच्या चांगल्या कॅमेऱ्याचा सेन्सर एका फोटोत सगळ्यांत उजळ आणि सगळ्यांत मंद भागातला साधारण बारा-तेरा स्टॉपचा, म्हणजे चार ते आठ हजार पटींचा फरक सामावू शकतो. हीसुद्धा कमीत कमी आयएसओची गोष्ट. ताऱ्यांसाठी आयएसओ वाढवला की हा पल्ला आखडतो. शुक्र पांढरा पडणार नाही इतका कमी प्रकाश घेतला, तर सेलीनो सेन्सरच्या खरखरीत विरून जाते. तुतारी आणि एकतारी एकाच माइकवर, एकाच आवाजपातळीवर ध्वनिमुद्रित करायची असेल, तर जी पंचाईत होईल तीच ही.

डोळ्यांना ही पंचाईत नसते. साध्या ७×५० च्या द्विनेत्रीतून त्या संध्याकाळी शुक्र झगझगीत दिसत होता आणि शेजारच्या बहिणीही दिसत होत्या. डोळा एका जागी थांबत नाही, शुक्रावरून ताऱ्यांवर जातो आणि जाता जाता स्वतःला जुळवून घेतो. कॅमेऱ्याला मात्र एकदाच काय ते ठरवावे लागते. १/५०० सेकंदाचा फोटो घेतला तर मोठ्या दुर्बिणीतून शुक्राचा जवळपास अर्धा उजळलेला गोल मिळतो, कारण मार्चच्या अखेरीस शुक्र सूर्यापासून जास्तीत जास्त दूर गेला होता आणि त्याची कला अर्धचंद्राएवढी झाली होती. पण त्या फोटोत कृत्तिका नाहीत, नुसता काळोख. दहा सेकंद शटर उघडे ठेवले तर कृत्तिका येतात, आणि शुक्राचा होतो गोळा.

दादाने दहा सेकंद घेतले.

आता त्या गोळ्याकडे नीट पाहू. आकाशात शुक्र त्या दिवशी जेमतेम २६ विकलांचा होता, कृत्तिकांचा ठळक भाग सुमारे एका अंशाचा, म्हणजे ३,६०० विकलांचा. खऱ्या मापाने शुक्र फोटोत सहा-सात पिक्सेलचा ठिपका असायला हवा. प्रत्यक्षात तो त्याच्या कित्येक पट मोठा झाला आहे. सेन्सर भरून गेला, लेन्सच्या काचांत आणि हवेत विखुरलेला प्रकाशही नोंदला गेला, आणि उजेड कडेने ओसंडला. छायाचित्रणाची पाठ्यपुस्तके याला दोष म्हणतात. मला वाटते, फोटोजवळ याहून दुसरे साधनच नाही. कागद पांढऱ्यापेक्षा पांढरा होऊ शकत नाही. योगतारेचा मधला भाग पांढरा आहे, शुक्राचा मधला भागही पांढराच. मग एक दुसऱ्यापेक्षा आठशे पट उजळ आहे हे सांगायचे कसे? आकाराने. फोटोत तेजाचे रूपांतर क्षेत्रफळात होते. गॅलिलिओने १६१० मध्ये कृत्तिकांचे चित्र छापले तेव्हा हेच हाताने केले होते. त्याच्या चित्रात ३६ तारे आहेत: डोळ्यांना दिसणारे सहा मोठे, दुर्बिणीतून दिसलेले बाकीचे लहान. तारे त्याला त्या आकारांचे दिसले नव्हते. तेज दाखवायला त्याने आकार वापरला. दादाच्या फोटोत सेन्सरने आपण होऊन तेच केले आहे, आणि दादाने त्याला अडवले नाही. शुक्राला आवरून ठिपका केला असता, तर तो कृत्तिकांची आठवी बहीण वाटला असता. तो पाहुणा आहे, जवळचा आहे, आणि त्या कुटुंबातला नाही, हे त्या बेशिस्त गोळ्यामुळेच कळते.

सहा किरणांचेही असेच. ते शुक्राचे नाहीत, लेन्सच्या छिद्रातल्या पात्यांचे आहेत. दादाची लेन्स जुनी, फिल्मच्या काळातली, २०० मिमीची, सहा पात्यांची. छिद्र थोडे बारीक केले की पात्यांच्या सरळ कडांवरून प्रकाश वाकतो आणि उजळ बिंदूला किरण फुटतात. पाती सम संख्येत असली तर जितकी पाती तितके किरण, विषम असली तर दुप्पट. म्हणून नऊ पात्यांच्या नव्या लेन्समधून शुक्राला अठरा किरण येतात आणि तो दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावरचा तारा दिसतो. सहा किरण मला पुरेसे वाटतात.

पण सहा किरण चौकटीत टाकले की ते कुठे पडणार याचाही विचार करावा लागतो. शुक्राला खेटून पुंजका, आणि दोन किरणांत ६० अंशांचे अंतर. एखादा किरण थेट योगतारेवरून गेला तर ती बुडणार. इथे तो कोपऱ्यातला फिकट पट्टा कामाला येतो. तो पट्टा म्हणजे गच्चीसमोरून जाणारी विजेची तार आहे. अनंतावर फोकस केलेल्या २०० मिमीच्या लेन्सला तीसेक मीटरवरची तार दिसत नाही, तिची रुंद, अर्धपारदर्शक सावली तेवढी उमटते. आणि प्रत्यक्षात जवळजवळ आडवी असलेली ती तार फोटोत चांगलीच तिरकी आहे. म्हणजे कॅमेरा मुद्दाम फिरवला होता. मी विचारले तेव्हा दादा म्हणाला, किरण योगतारा आणि मेरोपी यांच्या मधून गेला पाहिजे, म्हणून तिपाईवरचे डोके सैल करून कॅमेरा वळवला. तार आत आली ती आली. फोटोत किरण खरेच त्या दोघींच्या मधल्या फटीतून जातो, एकीलाही न शिवता. इतक्या काटेकोरपणापायी कोपऱ्यात घुसलेली तार मी आनंदाने सोसतो. कापून टाकणे दोन क्षणांचे काम होते. त्याने कापली नाही, कारण कापले असते तर शुक्र चौकटीच्या मधोमध येऊन बसला असता.

जांभळट वलयाबद्दल मात्र सांगावे लागते, कारण हा फोटो पाहणारे निम्मे लोक त्यालाच भुलतात. "अरे वा, तेजोमेघपण आलाय!" नाही आला. कृत्तिकांभोवती निळसर धुळीचा मेघ आहे हे खरे, ताऱ्यांचा प्रकाश परावर्तित करणारा. मेरोपीजवळचा भाग टेम्पेल या खगोलवेत्त्याने १८५९ मध्ये दुर्बिणीतून डोळ्यांनी हेरला, आणि माया या बहिणीजवळचा भाग पॅरिसच्या आंरी बंधूंना १८८५ मध्ये फोटोच्या काचेवर सापडला. पण दादाच्या फोटोत जे जांभळे दिसते तो लेन्सचा रंगदोष आहे. जुन्या काचेला निळा-जांभळा प्रकाश बाकीच्या रंगांबरोबर एका बिंदूत आणता येत नाही, आणि शुक्राएवढा उजेड असला की तो दोष वलय होऊन बसतो. चौकटीच्या दुसऱ्या बाजूला एक हिरवट ठिपकाही आहे. तो तारा नव्हे, काचांमध्ये इकडून तिकडे आपटलेल्या शुक्राच्याच उजेडाचे भूत. दोन्ही पुसता आले असते, पुसले नाहीत.

खरा तेजोमेघ त्या संध्याकाळी येणे अवघडच होते. २ एप्रिलला रामनवमी होती, म्हणजे ३ तारखेला दशमीचा चंद्र डोक्यावर. आता एक मजेची गोष्ट. शुक्र कृत्तिकांत असा ऐन एप्रिलच्या सुरुवातीला आठ-आठ वर्षांनी येतो, कारण पृथ्वी, शुक्र आणि सूर्य यांची मांडणी पाच वेळा जुळायला २,९१९.६ दिवस लागतात आणि आठ वर्षे म्हणजे २,९२२ दिवस. पण ९९ चांद्रमासांचे दिवसही भरतात २,९२३.५. त्यामुळे शुक्र आठ वर्षांनी परततो तेव्हा चंद्रही जवळजवळ त्याच तिथीला परत आलेला असतो. २०१२ ला द्वादशीच्या आसपास, २०२० ला दशमी, २०२८ ला अष्टमी-नवमी. आपल्या हयातीतल्या बहुतेक सगळ्या शुक्र-कृत्तिका योगांना चांदणे ठरलेलेच. निळ्या मेघात पोहणारा शुक्र ज्या फोटोंत दिसतो, त्यांतले बरेचसे म्हणूनच दोन वेगळ्या रात्रींचे किंवा दोन वेगळ्या एक्सपोजरचे मीलन असतात.

असे मीलन करण्यात पाप नाही. १८५० च्या दशकात फ्रान्समध्ये ग्युस्ताव्ह ल ग्रे समुद्र एका काचेवर आणि ढग दुसऱ्या काचेवर घेऊन एकत्र छापत असे, कारण त्याच्या रसायनांना दोन्ही एकदम पेलत नव्हते. त्याची समुद्रचित्रे आजही थक्क करतात. माझी तक्रार वेगळी आहे. मोबाइलवर फिरलेल्या शुक्र-कृत्तिकांच्या जोडचित्रांत शुक्राचा नीट अर्धा गोल असतो, बहिणी टवटवीत असतात, भोवती रेशमी निळा मेघ असतो, आणि सगळे एकाच तेजाचे असते. आठशे पटींचा फरक, ज्यासाठी मान वर करून बघावे, तोच नाहीसा होतो. फरक आहे म्हणून फोटो अवघड, आणि फरक आहे म्हणूनच तो पाहावासा.

फरक नसला की काय होते, तेही दादाच्याच फोटोंत बघायला मिळते. मार्च २०२१ च्या पहिल्या आठवड्यात मंगळ कृत्तिकांपासून अडीच अंशांच्या आसपास होता, प्रत साधारण १. योगतारेपेक्षा पाच-सहा पटच उजळ. एकाच फोटोत तांबूस मंगळ आणि निळसर कृत्तिका, दोघांचेही रंग शाबूत. फोटो गोड आहे, कॅलेंडरवर छापावा असा. मी तो फार वेळ पाहू शकत नाही. आणि नोव्हेंबर २०२५ चा दुसरा फोटो: कृत्तिकांपासून चारेक अंशांवर युरेनस, आपल्या जुन्या पंचांगवाल्यांचा हर्षल, ५.६ प्रतीचा. तिथे अडचण उलटी. ग्रहच ताऱ्यांत हरवतो, बाण काढून दाखवावा लागतो. दादाने बाण काढला नाही, त्यामुळे घरात कोणालाही तो सापडत नाही.

पुन्हा २०२० कडे येऊ. दहा सेकंद म्हणणे सोपे आहे. २०० मिमीच्या लेन्सला एका सेकंदात तारा साधारण तीन-चार पिक्सेल सरकतो. कॅमेरा स्थिर ठेवला असता तर दहा सेकंदांत प्रत्येक कृत्तिकेची रेघ झाली असती. ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारा बाजारातला ट्रॅकर दादाकडे नव्हता, आणि कोरोनाच्या टाळेबंदीत मिळणारही नव्हता. त्याने प्लायवूडच्या दोन फळ्यांचा केला. एका टोकाला बिजागरी, दुसऱ्या टोकाला सहा मिमीचा बोल्ट, आट्यांमधले अंतर एक मिमी. बिजागरीपासून बोल्ट बरोबर २२८ मिमीवर बसवला की मिनिटाला एक फेरा फिरवल्यावर वरची फळी पृथ्वीच्या गतीने उघडत जाते. दहा सेकंदांत एक षष्ठांश फेरा. बोल्टच्या डोक्याला त्याने पत्र्याचा काटा चिकटवला होता आणि खाली वहीच्या पुठ्ठ्यावर सहा खुणा केल्या होत्या. फोटोतले तारे गोल आहेत, एखाददुसरा किंचित लांबट. तो लांबटपणा हाताचा आहे.

बिजागरी ध्रुवाकडे रोखावी लागते. खालापूर विषुववृत्तापासून जेमतेम १९ अंश उत्तरेला, म्हणून ध्रुवही क्षितिजावर तेवढाच वर, हात लांब करून धरलेल्या दोन मुठींइतका. उत्तरेला माथेरानचा डोंगर, त्यावर धूसर हवा. एप्रिलमध्ये इथे तो शोधावाच लागतो. आणि पश्चिम-वायव्येला, जिकडे शुक्र उतरत जातो, तिकडे रसायनी, पनवेल, उरण. चौकटीच्या तळाचा तांबूस रंग तिकडचाच. एक्स्प्रेस-वे त्या दिवसांत ओस होता, गाड्यांचा धूर नव्हता. पण पावसाआधीचे शेतातले राब भाजणे थांबले नव्हते. पाऊस काही टाळेबंदी पाळणार नव्हता. राखाडी आकाशात थोडा चंद्र, थोडे पनवेल आणि थोडा कोणाच्या तरी शेतातला राब आहे. काळ्याभोर आकाशातल्या कृत्तिका लडाखमधल्याही असू शकतात. या राखाडी आकाशातल्या मात्र खालापूरच्याच.

ताऱ्यांवर जुळवून पाच-पन्नास फोटो एकत्र केले तर सेन्सरची खरखर कमी झाली असती. तसे फोटो दादाकडे आहेत. पण शुक्र त्या दिवसांत दिवसाला अंशाच्या आसपास सरकत होता, म्हणजे तासाला दोन-अडीच कला (अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला). तासाभराचे फोटो ताऱ्यांवर जुळवले की शुक्राची फराटी होते. शुक्रावर जुळवले की सगळ्या बहिणी फराटतात. मग पुन्हा दोघांना वेगळे जुळवून चिकटवणे आले. त्याने एकच फोटो ठेवला, खरखरीसकट.

त्याच दिवसांतला एक योगायोग. ३ एप्रिलच्या सकाळी पंतप्रधानांनी आवाहन केले की ५ तारखेला रात्री ९ वाजता नऊ मिनिटे घरातले दिवे बंद करून पणत्या लावाव्यात. आकाशवेड्या माणसाला याहून मोठी भेट कोण देणार? पण शुक्र तोवर पुंजक्यातून निघून सुमारे दोन अंश वर सरकला होता, चंद्र आणखी भरला होता, आणि गावात पणत्यांबरोबर मोबाइलचे टॉर्चही पेटले. दादाने त्या नऊ मिनिटांतही फोटो घेतला. त्यात आकाश ३ तारखेपेक्षा जराही काळे नाही.

आता २०२८ च्या एप्रिलची तयारी सुरू आहे. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले, म्हणजे पश्चिमेच्या आकाशात विमानांच्या रेघा वाढणार. दादा कर्जतच्या बाजूला जागा बघून आला आहे. तिथून पश्चिम-वायव्येला प्रबळ-इर्शाळची रांग आडवी येते आणि पनवेलचा बराच उजेड अडवते. क्षितिजाजवळचे आकाशही तीनेक अंश खाते, पण शुक्र इतका खाली जाईपर्यंत आपण थांबणारच नाही, असे त्याचे म्हणणे. हे मला मान्य आहे. वाद लेन्सवर आहे. त्याला आता नवी हवी आहे, नऊ गोलाकार पात्यांची, जांभळे वलय न देणारी, शुक्राला मुठीत ठेवणारी. मी म्हणतो जुनीच ने, सहा पात्यांची, आणि कॅमेरा फिरवायला तिपाईचे डोके सैल ठेव. त्याने अजून ठरवलेले नाही.